वटारलेला डोळा

माझा डावा डोळा जाता जाता राहिला. तो जायच्या वाटेवर होता तेव्हा मी समजत होते की घरात माझा दरारा वाढलाय. हे सांगितलं की लोक हसतात. हसा बापडे. आता मीही हसते, पण आधी राग निवू दिला, मग हसले.

उंब्रजच्या अलीकडे हायवेला लागून आमचं गाव आणि गावाच्या तोंडालाच माझा डंक. डंक म्हणजे मिरची कुटायचं यंत्र. लोखंडी उखळं, त्यांत धाडधाड पडणारी मुसळं, आणि मुसळ वर गेलं की पटकन हात घालून मसाला खालीवर करणारी मी. शिमग्याच्या आधीपासून पाऊस लागेस्तोवर बायका मिरची, खोबरं, धणे, लसूण घेऊन येतात, भाजायचं ते मी भाजून देते, आणि वर्षाची चटणी कुटून नेतात. तोंडाला पदर गुंडाळतात तरी शिंकून शिंकून बेजार होतात. मी मात्र पदर खांद्यावर टाकून आरामात बसायची. घशाला सवय झालेली आणि शिंक तर कधीच नाही. एखादी नवी बाई विचारायची, "आवं, तुमास्नी खाट लागत न्हाई व्हय?" मी म्हणायची, "मिरचीनं माणूस वळखाया पायजे."

मिरची कसली ओळखतेय. माझं नाक गच्च बंद होतं, खाट म्हणजे मिरचीचा ठसका, तो आत शिरायला जागाच नव्हती.

दोनेक वर्षं हे चाललं होतं. उंब्रजच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं आणि सांगितलं, "नाकात मांस वाढलंय, कराडला जाऊन स्कॅन करून घ्या." मी घरी येऊन म्हटलं, डंकवालीचं नाक नाही चोंदणार तर काय सोनाराचं चोंदणार? ओव्याच्या पुरचुंडीनं शेकलं, निलगिरीची वाफ घेतली, मेडिकलमधनं थेंब आणून घातले. दोन्ही डोळ्यांच्या मध्ये कायम ठणकायचं, तिथं बाम चोळला. वास तर पार गेलाच. एकदा कढईत खोबरं काळं होत होतं आणि मी कढईशेजारीच बसून सुनेला बोलत होते की तुझं कामात लक्ष नसतं, सगळं लक्ष त्या मोबाइलात. ती बिचारी मधे बोलायला बघत होती, मी बोलू देत नव्हते. धूर वर आला तेव्हा मी थांबले आणि कढईत कुणी लक्ष दिलं नाही म्हणून तिलाच आणखी दोन शब्द सुनावले.

तर दिवाळीनंतर घरात फरक पडायला लागला.

आधी सून. ही पोर तोंडाची फटकळ. मी एक बोलले की हिचं उत्तर तयार. ती एकाएकी गप्प झाली. मी उठायच्या आत पाणी भरलेलं, चहा हातात. "आत्या, तुमी बसा. मी बघती." मी तिच्याकडे बघितलं की ती खाली बघायची. मला काय वाटावं? मला वाटलं, आली ठिकाणावर.

मग मालक. आमचे मालक मिलिटरीतून हवालदार म्हणून रिटायर झालेत. घरात बातम्या एवढ्या मोठ्या आवाजात लावायचे की बॉर्डरपर्यंत ऐकू जावं. वर्षानुवर्षं सांगून मी थकले होते. एक दिवस मी दारात उभी राहिले आणि नुसतं बघितलं. त्यांनी टीव्ही बंद केला आणि विचारलं, "काय खावंसं वाटतंय का तुला?" दर बाजारी जिलबी यायला लागली. डंकाच्या शेडचा पत्रा तीन पावसाळे गळत होता, तो मी न सांगता बदलून झाला. शिरवळला कंपनीत असलेला मुलगा, ज्याचा फोन फक्त आंब्याच्या दिवसात यायचा, तो रोज संध्याकाळी फोन करून "जेवलीस का" विचारायला लागला. माझ्या नणंदेचं आणि माझं एका बारशाच्या साडीवरनं बोलणं बंद होतं. ती आपणहून आली, माझी ओटी भरली, आणि जाताना माझा हात धरून म्हणाली, "वहिनी, माझं चुकलं आसंल तर पोटात घाला." मी मोठ्या मनानं घातलं.

डंकावरही तेच. पाटणहून एक बाई दरवर्षी यायची. आल्या आल्या भांडायची की माझी मिरची आधी घ्या, माझी यस्टी जाईल. त्या वर्षी ती कोपऱ्यात बसून राहिली. "तुमचं निवांत होऊ द्या," म्हणाली. आणि दरवर्षीपेक्षा दुप्पट मिरची घेऊन आली होती. तिची पाहून इतर बायकाही जास्त घेऊन यायला लागल्या. डंक दिवसभर चालायचा. मी मनात म्हणायची, बाई, नजरेत जरब असली की सगळं सुतासारखं चालतं.

त्या नजरेचंच कारण होतं, ते असं नव्हतं एवढंच.

माझा डावा डोळा पुढे येत होता. रोज एक कणभर. आरसा मी बघायची तो कुंकू लावण्यापुरता, आणि कुंकू कपाळाला लावतात. एकदा नीट बघितलं तेव्हा डावा डोळा मोठा वाटला खरा. मी विचार केला, डोळे मोठे होत नसतात, तेव्हा उजवाच वयानं बारीक झाला असणार. आणि कामाला लागले. मला मेलीला एवढं कळलं नाही, की मी हसले तरी समोरच्याला मी डोळा वटारून हसतेय असंच दिसत असणार.

त्यानंतर एकाची दोन दिसायला लागली. दारात म्हैस आली की दोन म्हशी, एक खरी आणि एक तिच्या खांद्यावर चढलेली. मालक दोन दिसायचे, तेव्हा मी डोळे मिटून घ्यायची, एकानंच पुरे केलं होतं. चष्म्याचा नंबर वाढला म्हणून मी गप्प बसले. मिरचीचे दिवस होते, गिऱ्हाइकं बसलेली, कराडला जाऊन चष्मा बदलायला सवड कुणाला?

एक दिवस दुपारी एकीची मिरची आली, ओलसर, देठापाशी पांढरी बुरशी. मी तिला चांगली झाडली. "असला माल माझ्या उखळात चढायचा न्हाई. बुरशी एका मिरचीला लागली की पोतं घेऊन जाती. घरात राहता का घाणीत?" ती बाई रडवेली होऊन मिरची निवडत बसली. मी त्याच तावात पुढची खेप घेतली. मुसळ वर गेलं, मी हात घातला. वर गेलेलं मुसळ दुसरं होतं, जे नव्हतंच. खरं मुसळ खाली येत होतं.

यंत्र एकदम बंद पडलं. सुनेनं बटण दाबलं होतं आणि धावत येऊन माझं मनगट मागे खेचलं होतं. करंगळीला नुसता धक्का लागला. डंक बंद झाल्यावर इतकं शांत वाटलं की हायवेवरचे ट्रक ऐकू आले.

"चालू कर," मी म्हटलं.

"न्हाई करणार."

बऱ्याच महिन्यांनी तिनं मला उलटं उत्तर दिलं होतं. मी डोळे वटारले, म्हणजे आणखी वटारले. ती मागे हटली नाही. रडत रडत म्हणाली, "आत्या, तुमाला दोन दोन दिसतंय. डोळा भाईर आलाय तुमचा. आमास्नी समदं ठावं हाय. आता दवाखान्यात चला." मी विचारलं, काय ठावं हाय? त्यावर ती आणखी मोठ्यानं रडायला लागली. मग तिनं मोबाइलवर माझा फोटो काढून माझ्यापुढे धरला. बया. फोटोतली बाई मला ओळखू येईना. मी जर ती रस्त्यात बघितली असती तर मीही तिला जिलबी देऊन वाटेला लावलं असतं.

मालकांना बोलावलं. त्यांनी काही विचारलं नाही, पलंगाखालून बॅग ओढली. आत माझी दोन लुगडी, टॉवेल, चादर, ब्रश, सगळं घडी घालून भरलेलं.

"ही कवा भरली?"

"असू दे. भरलेली बरी असती."

मिलिटरीची सवय, म्हणून मी सोडून दिलं.

कराडच्या डोळ्याच्या डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, डोळा चांगला आहे, त्याला मागनं कुणीतरी ढकलतंय. स्कॅन केलं. मग म्हणाले, हे नाकाचं दुखणं आहे, आजच्या आज मिरजेला जा. मी चिडले. डोळा दाखवायला आले, त्यात नाक कुठनं आलं? मालकांनी मला धरून गाडीत बसवलं. कराडपासून मिरजेपर्यंत ते खिडकीबाहेर बघत बसले होते. दोन्ही बाजूंना ऊस, त्यात एवढं बघण्यासारखं काय होतं कोण जाणे.

मिरजेची डॉक्टरीण वयानं माझ्या सुनेएवढी. तिनं नाकात दुर्बीण घातली, स्कॅन उजेडाला धरला आणि म्हणाली, "मावशी, तुमच्या सायनसमध्ये बुरशी साठलीय. बरीच जुनी आहे."

"कुणाच्या?" मी म्हटलं.

"तुमच्या."

मी तिला सांगितलं की माझ्या डंकावर मी बुरशीचं देठसुद्धा चढू देत नाही. ती हसली नाही. म्हणाली, बुरशीचे कण सगळ्यांच्याच हवेत असतात, काहींच्या नाकाला ते सोसत नाहीत. नाक सुजतं, चोंदतं, आत चिकट घाण साचत जाते. वेळेवर काढली नाही तर ती दाबून दाबून हाड झिजवते. तुमच्या नाकाच्या आणि डोळ्याच्या मधलं पातळ हाड तिनं झिजवलंय, म्हणून डोळा पुढे ढकललाय.

माझ्या शेजारी मालक उभे होते. ते म्हणाले, "बुरशीच हाय न्हवं? दुसरं काय न्हाई न्हवं?"

"तुकडा तपासायला पाठवूच. पण स्कॅनवरून बुरशीच दिसतेय."

"नुसती बुरशी?"

"नुसती म्हणू नका, काका. ही डोळ्याच्या नसेपर्यंत गेलीय. आणि वर मेंदू लागूनच आहे."

पण काका कुठले ऐकतायत. त्यांनी भिंतीला हात टेकला, रुमाल काढला, तोंड पुसलं आणि बाहेर गेले. आले ते पेढ्यांचा पुडा घेऊन. वॉर्डात सगळ्यांना पेढे वाटले. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं आनंदानं विचारलं, "मुलगा का मुलगी?" मालक म्हणाले, "बुरशी." मला वाटलं, खाटेवरनं उठावं आणि त्यांच्या डोक्यात तो पुडा घालावा. बायकोच्या मेंदूला बुरशी लागायची वेळ आली आणि हा माणूस पेढे वाटतोय.

संध्याकाळी डॉक्टरीण परत आली. तिच्या हातात औषधाच्या बाटलीचं लाल टोपण होतं. उजवा डोळा झाकायला लावला आणि विचारलं, कसा दिसतोय रंग? मी म्हटलं, जुन्या मिरचीसारखा, गेल्या सालच्या. मग डावा झाकायला लावला. उजव्यानं ते टोपण एवढं लालभडक दिसलं की मी दचकले. मी पुन्हा डावा उघडला, पुन्हा झाकला. टोपण तेच.

"नस दबलीय," ती म्हणाली. "लाल रंग आधी जातो, मग बाकीचं. उद्या सकाळी ऑपरेशन करू. डोळा जागेवर येईल. नजर किती येईल ते आत्ता नाही सांगता येत."

तेव्हा मात्र मी घाबरले. वास गेल्यापासून मी मसाला रंगावर भाजत होते. खोबरं कधी उतरवायचं, मिरची कधी हलवायची, सगळं डोळ्यानं. रंग गेला तर मी डंकावर बसून करणार काय, माश्या मारणार? आणि उजव्याचाही हाच रस्ता झाला तर? मी मालकांना म्हटलं, "मला न्हाई दिसलं तर?" ते म्हणाले, "मी बघतो की." कशाकडे बघतो ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मलाही विचारायचं सुधरलं नाही.

ऑपरेशन नाकातूनच झालं, तोंडावर एक टाका नाही. आतून निघालेला माल मालकांना बाटलीत दाखवला. ते मला वर्णन करून सांगायला लागले, करपलेल्या पुरणागत हिरवं-काळं, चिकट. मी म्हटलं, पुरण माझ्या आवडीचं आहे, ते तरी ठेवा. नाकातलं कापूस-बोळं काढल्यावर श्वास असा सरळ आत गेला की मला थंडी वाजली. वास यायला आणखी काही दिवस लागले. पहिला वास आला तो मालकांच्या मोज्यांचा, आणि मी आनंदानं त्यांना मोजे धुवायला पिटाळलं.

तपासणीत बुरशीच निघाली. गोळ्या, फवारा, आणि रोज मिठाच्या पाण्यानं नाक धुवायचं असा हुकूम झाला. ती परत येऊ शकते म्हणून महिन्या-दीड महिन्यानं मिरजेला हजेरी. नाक धुताना मी सिंकाजवळ जे काही बोलते ते इथे लिहिण्यासारखं नाही. डोळा हळूहळू आत जात होता. म्हैस एक दिसायला लागली. आणि एक दिवस सकाळी सून म्हणाली, "आत्या, पाणी आज तुमीच भरा, माझी कंबर धरलीया." बातम्यांचा आवाज परत बॉर्डरपर्यंत गेला. मी आरशात न बघता ओळखलं की डोळा जागेवर आलाय.

मी डंकावर बसायला लागले तोवर मिरचीचे दिवस सरत आले होते. पाटणची बाई ह्या खेपेला हळद घेऊन आली. मला बघून दारातच थांबली, वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि चक्क रागावली.

"तुमी चांगल्या हायसा की."

"मग? कशी असाया पायजे हुती?"

"मी दोन वर्साची चटणी नेली की वं. समदी म्हनत हुती, आता ह्यांच्या हातची गावायची न्हाई. डब्यात ठेवायला जागा न्हाई आता."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. डोळा बाहेर आला, डंकवालीनं कुणाला काही सांगितलं नाही, कुठे दाखवायला गेली नाही. गावानं हिशेब घातला की हिला ती गाठ झालीय. आमच्याकडे त्या दुखण्याचं नाव घेत नाहीत, आजारी माणसापुढे तर नाहीच. आणि हिला स्वतःला माहीत असणार, म्हणूनच ही बोलत नाही, असं ठरलं. मग सगळ्यांनीच माझं मन राखायला सुरुवात केली. नणंदेची ओटी ती, पत्रा तो, जिलबी ती. मी दरारा म्हणून मिरवत होते आणि हे सगळे मला निरोप देत होते. पाटणच्या बाईला मी म्हटलं, जास्तीची चटणी माझ्या तेराव्याला आणा. तीही वस्ताद, म्हणाली, तवर खवट होईल.

सुनेला गाठलं तर ती म्हणाली, "मला वाटलं तुमी आमच्यापासनं लपवताय. मामांनी सांगितलं हुतं, काय इचारायचं न्हाई, तिला पायजे ते करायचं." मामा म्हणजे आमचे मालक. मग माझा राग जागेवर जाऊन पोचला.

कारण त्याच आठवड्यात मी मिरजेला जाऊन आले होते. डॉक्टरणीनं तेच लाल टोपण पुन्हा धरलं होतं. डाव्या डोळ्याला दिसतं, वाचता येतं, माणूस ओळखता येतो. पण लाल अजून फिकाच. आणखी येईल का, म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, "एवढाच राहील असं वाटतंय. दिवाळीच्या सुमाराला आला असतात ना मावशी, तर डोळा पूर्ण वाचला असता."

दिवाळीच्या सुमाराला जिलबी चालू झाली होती.

मालक शेडच्या मागे उन्हात चाळण्या धुवून मांडत होते. मी समोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, मी तर अडाणी, मला माझं तोंड दिसत नव्हतं. तुमाला तर दिसत व्हतं. एवढे महिने ताटाला ताट लावून जेवलात. बॅग भरून पलंगाखाली ठेवलीत. पोराला सांगितलंत, सुनेला सांगितलंत. मला एकदा इचारायला काय झालं व्हतं? डोळ्यातलं लाल गेलं माझ्या. एवढी भ्या वाटती व्हय माझी?

त्यांनी हातातली चाळणी खाली ठेवली.

"तुझी कशापायी वाटंल," ते म्हणाले. "इचारलं आन् तू व्हय म्हणाली असतीस, मग?"

पलटणीत असताना ह्या माणसानं बर्फात रात्री काढल्यात, त्याचं काही वाटलं नाही म्हणायचा. उन्हात त्यांच्या हातावरनं पाणी ठिबकत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं.

मी उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि डाव्यानं त्यांच्याकडे बघितलं. रंगानं जरा फिके दिसत होते, पण दिसत होते.